टाकी बदलण्याआधी तिच्या खालची जमीन बघा

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: नॉर्थ कॅरोलायनातील तुमच्या 1993 सालच्या सिंगल-वाईड मोबाईल होममध्ये, म्हणजे कारखान्यात एकाच तुकड्यात बांधून जागेवर आणून ठेवलेल्या घरात, कपाटात उभा असलेला 40 गॅलनचा विजेचा वॉटर हीटर खालून पाझरतो आहे. तो स्वतः बदलता येईल का आणि दुकानात मिळणारा कोणताही हीटर चालेल का, हे तुम्हाला हवे आहे. दोन्हींची उत्तरे देतो, पण माझा भर तुम्ही न विचारलेल्या तिसऱ्याच गोष्टीवर राहील, कारण मी स्वतः तिथे फसलो होतो.

आपल्या मनात गळका गीझर म्हणजे पुण्या-ठाण्याच्या न्हाणीघरातला असतो. तो भिंतीवर टांगलेला, खाली लादी आणि लादीला मोरीकडे उतार, त्यामुळे तो महिनाभर ठिबकत राहिला तरी घराचे काही बिघडत नाही. मोबाईल होमची जमीन लाकडी असते, आणि त्या काळातील बऱ्याच घरांत ती पार्टिकल बोर्डची, म्हणजे भुसा व डिंक दाबून केलेल्या फळीची असते. पाणी लागले की ही फळी फुगते आणि वाळली तरी पूर्वीची ताकद तिच्यात परत येत नाही. त्यातच 40 गॅलन पाणी म्हणजे सुमारे 150 किलो, टाकीचे वजन वेगळे, आणि हा सगळा भार दोन-अडीच चौरस फुटांवर येतो. माझ्या डबल-वाईडमधला, म्हणजे दोन तुकडे जोडून केलेल्या अशाच घरातला, पहिला हीटर गळला तेव्हा मी जमीन पुसली, दोन दिवस पंखा लावला, वरून रंगाचा हात दिला आणि नवा हीटर तिथेच उभा केला. दोन वर्षांनी तो भिंतीकडे कलला आणि वरचा गरम पाण्याचा सांधा ओढला जाऊन तडकला. म्हणजे नव्याकोऱ्या हीटरला काहीही झालेले नसताना मला पुन्हा तेच सगळे काम करावे लागले.

गळती टाकीचीच आहे का, याची आधी खात्री करा. वरच्या सांध्यातून पाझरलेले पाणी बाहेरच्या पत्र्याच्या आतून उतरत तळाशी येते आणि टाकी फुटल्यासारखे दिसते. वरचे दोन्ही सांधे, रिलीफ व्हॉल्व्ह (दाब किंवा उष्णता फार वाढली की पाणी बाहेर सोडणारा) आणि तळाचा ड्रेन व्हॉल्व्ह कोरडे पुसा, प्रत्येकाभोवती कागदी टॉवेलची घडी गुंडाळा आणि तासाभराने पाहा. सांधा किंवा ड्रेन व्हॉल्व्ह ओला झाला तर काम किरकोळ आहे. रिलीफ व्हॉल्व्ह ठिबकत असेल तर घरातील पाण्याचा दाब मोजा. 80 पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड, हे दाबाचे माप) वर असल्यास दाब कमी करणारा व्हॉल्व्ह हवा, नाहीतर नवा हीटरही तसाच ठिबकेल. सगळे कागद कोरडे राहिले आणि तळाशी पाणी आलेच, तर टाकी बहुधा आतून गंजली आहे. तिला डाग देऊन उपयोग होत नाही.

टाकीच ठरली, तर दुकानात जाण्याआधी विजेच्या पॅनेलमधला हीटरचा जोडब्रेकर (दोन्ही तारा एकदम तोडणारा दुहेरी ब्रेकर) बंद करा, हीटरला जाणारे थंड पाणी बंद करा आणि पाणी निवू द्या. वायरिंगचे झाकण काढून मल्टिमीटरने दोन्ही तारांच्या मध्ये आणि प्रत्येक तार ते अर्थ, अशी तिन्ही मापे घ्या. ती शून्य आल्याशिवाय हात घालू नका, कारण ब्रेकरवरच्या चिठ्ठ्या जुन्या घरांत सर्रास चुकीच्या असतात. नंतर ड्रेन व्हॉल्व्हला बागेचा पाईप लावून त्याचे टोक दाराबाहेर सोडा आणि आत हवा जावी म्हणून एखादा गरम पाण्याचा नळ उघडा. घर जमिनीपासून उंचावर असल्याने पाणी आपसूक उतरते, तेवढी एक सोय मोबाईल होममध्ये नक्की आहे. धार मध्येच थांबली तर व्हॉल्व्हमध्ये क्षाराचे खडे अडकले आहेत असे समजा. पाईपच्या दुसऱ्या टोकाने जोरात फुंकले की ते बहुधा सुटतात.

टाकी बाहेर निघाली की एक स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि ती उभी होती तिथे, चारही कोपऱ्यांत आणि भिंतीच्या कडेला तो जमिनीत दाबून पाहा. चांगल्या फळीवर त्याचे टोक नुसता ओरखडा काढते. माझ्याकडे ते चहात बुडवलेल्या टोस्टमध्ये शिरावे तसे मुठीपर्यंत आत गेले होते. टोक शिरते तिथपासून पुढे, ते शिरेनासे होईल तिथपर्यंतची सगळी फळी कापून काढावी लागते, आणि काप जॉईस्टच्या, म्हणजे जमीन पेलणाऱ्या आडव्या तुळईच्या, मध्यावर आणावा लागतो, म्हणजे नव्या फळीला टेकायला जागा मिळते. करवतीचे पाते फळीच्या जाडीइतकेच बाहेर ठेवा. खालून पाण्याचे पाईप, तारा आणि क्वचित हवेचा डक्टही गेलेला असतो. उघड्या कडांखाली दोन बाय चारचे लाकडी ठोकळे स्क्रूने बसवा, वर पाऊण इंची बाहेरच्या वापराचे प्लायवूड गोंद व स्क्रूने पक्के करा, आणि कापलेल्या कडांना रंग द्यायला विसरू नका, कारण प्लायवूड पाणी पिते ते कडेनेच. पाईपांच्या भोकांभोवती स्टील वूल कोंबा. उंदीर याच वाटेने वर येतात, हे मला माझ्या बायकोने दाखवून दिले.

जमीन उघडी आहे तोवर खालीही डोकवा. घराच्या पोटाला जे काळे आवरण असते त्यात काचतंतूचे अस्तर असते, आणि गळतीचे पाणी त्यात साचून पखालीसारखा फुगवटा येतो. खाली बादली ठेवून फुगवट्याला छोटी चीर द्या, पाणी जाऊ द्या, भिजलेले अस्तर काढून नवे भरा आणि चीर पोटाच्या आवरणासाठी मिळणाऱ्या चिकटपट्टीने बंद करा. ही पायरी टाळलीत तर नवी फळी खालून ओलावा घेत राहील.

आता हीटर कोणता घ्यायचा ते. अमेरिकेच्या केंद्रीय गृहनिर्माण खात्याचे, म्हणजे हडचे, बांधकाम नियम 15 जून 1976 पासून लागू आहेत, आणि त्यानंतर बांधलेले तुमचे घर सगळे त्याला मोबाईल होम म्हणत असले तरी कायद्याच्या भाषेत मॅन्युफॅक्चर्ड होम आहे. म्हणून हीटरच्या लेबलवर मॅन्युफॅक्चर्ड किंवा मोबाईल होमसाठी मान्य असल्याचा उल्लेख शोधा. विजेच्या अनेक हीटरांवर तो असतो. गॅसचा साधा हीटर मात्र कधीही आणू नका, तो ज्वलनासाठी घरातलीच हवा ओढतो, आणि इतक्या लहान, बंदिस्त घरात कार्बन मोनॉक्साईडची गाठ पडायला वेळ लागत नाही. तिथे बाहेरची हवा घेऊन बाहेरच धूर सोडणारा, याच घरांसाठी बनवलेला हीटर लागतो, आणि ते काम मी परवानाधारक माणसाकडूनच करून घेईन. विजेचा हीटर बदलायलाही बऱ्याच ठिकाणी परमिट लागते, तेव्हा काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कार्यालयात एक फोन करा.

कपाटाची रुंदी, उंची आणि दाराची चौकट मोजूनच दुकानात जा. एप्रिल 2015 मध्ये ऊर्जाबचतीचे नियम कडक झाल्यापासून हीटरचे अस्तर जाड झाले, त्यामुळे तेवढ्याच गॅलनची नवी टाकी जुनीपेक्षा दोनेक इंच जाड भरते आणि घरी आणल्यावर दारातून आत जात नाही. मोबाईल होमच्या काही हीटरांना थंड पाण्याचे तोंड वर नसून बाजूला तळाशी असते, म्हणून जुन्या जोडणीचा फोटो जवळ ठेवा. एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कांड्या, किती वॉटचे आहेत तेही पाहा: 4500 वॉट व 240 व्होल्टला 30 अँपियरचा ब्रेकर आणि 10 गेजची तांब्याची तार लागते (गेजचा आकडा लहान तेवढी तार जाड). तुमच्याकडे 12 गेजची तार व 20 अँपियरचा ब्रेकर असेल, तर कमी वॉटचा हीटर घ्या किंवा तार बदला. नुसता ब्रेकर मोठा करणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

पाईपांबद्दल एक सावधगिरी. 1993 च्या घरात करडे, लवचीक पाईप दिसले आणि त्यांवर पीबी 2110 असे छापलेले असेल, तर ते पॉलिब्युटिलीन नावाचे जुने प्लास्टिक आहे. क्लोरीनच्या पाण्याने ते आतून ठिसूळ होते आणि 1995 च्या सुमारास त्याचा वापर थांबला. ते वाकवू किंवा पिळू नका. जमत असेल तर त्या कपाटापुरते तरी पेक्स, म्हणजे आता वापरात असलेले प्लास्टिकचे पाईप, टाका. सांधा जोडावाच लागला तर त्यावर पॉलिब्युटिलीनला चालत असल्याचे स्पष्ट लिहिलेले पाहून घ्या.

नवी टाकी पॅनमध्ये, म्हणजे गळती झेलणाऱ्या उथळ ताटात, उभी करा आणि पॅनचा निचरा जमिनीतून घराखाली काढा. घर कधी हलवायचे ठरले तर टाकी आडवी होऊ नये म्हणून तिला पट्टीने भिंतीला बांधा. रिलीफ व्हॉल्व्ह 150 पीएसआय किंवा 210 अंश फॅरनहाइटला उघडतो. त्याचा पाईप पूर्ण जाडीचा, उताराचा आणि घराखाली मोकळा सुटणारा हवा, त्याच्या टोकाला बूच कधीही बसवू नका. मग थंड पाणी सुरू करून गरम नळातून हवा न फुरफुरता सलग धार येईपर्यंत थांबा आणि त्यानंतरच ब्रेकर चालू करा. रिकाम्या टाकीत वीज सोडली तर वरचे एलिमेंट मिनिटभरात जळते. थर्मोस्टॅट 120 अंश फॅरनहाइटवर ठेवा, आणि पहिला आठवडा रोज सकाळी पॅनमध्ये बोट फिरवून पाहा. पहिल्या दिवशीचा ओलावा हा थंड टाकीला सुटलेला घामही असू शकतो. तिसऱ्या दिवशीही बोट ओले झाले तर सांधे पुन्हा तपासा.