सौंदर्यप्रसाधनांचा खर्च आणि घरातले पर्याय

प्रश्न : मी एका खासगी शाळेत शिक्षिका आहे. क्लेन्झर, टोनर, मॉइश्चरायझर, टाचांचे क्रीम, शाम्पू आणि कंडिशनर यांवर महिन्याला सुमारे दीड हजार रुपये जातात आणि पगाराच्या मानाने हा खर्च मला जड होतो. घरातल्या वस्तूंनी यांपैकी कशाकशाची गरज भागू शकेल? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : यादीतला टोनर आधी काढून टाका. साबण फार तीव्र असत तेव्हा त्याला काही अर्थ होता. आजच्या सौम्य क्लेन्झरनंतर बहुतेकींना त्याची गरज पडत नाही, त्यामुळे त्याला पर्याय शोधण्याचेही कारण नाही.

टाचांच्या क्रीमसाठी तर तुम्ही अगदी योग्य गावी राहता. कोकमाच्या बियांपासून काढलेले कोकमतेल, ज्याला कोकणात काही ठिकाणी मुठेल किंवा भिरंडेल म्हणतात, आठवडी बाजारात पिवळसर पांढऱ्या घट्ट गोळ्यांच्या रूपात मिळते. ते साधारण ४० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, म्हणजे अंगाच्या उष्णतेपेक्षा किंचित वर. म्हणूनच गोळा नुसता टाचेवर घासला तर तो फारसा लागत नाही आणि लोक कंटाळून तो फडताळात टाकून देतात. रात्री पाय कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटे बुडवून कोरडे करावेत, तेलाचा बोराएवढा तुकडा पळीत घालून मंद आचेवर वितळवावा, सोसेल इतका निवल्यावर भेगांमध्ये भरावा आणि वर सुती मोजे घालावेत. एक गोळा बरेच महिने पुरतो. कोकमतेल न मिळणाऱ्यांनी औषधाच्या दुकानातली साधी पेट्रोलियम जेली घ्यावी. त्वचेतले पाणी उडून जाऊ न देण्याच्या कामात ती अनेक महागड्या क्रीमपेक्षा सरस आहे. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र भेगांवर घरगुती उपचार न करता डॉक्टरांना पाय दाखवावेत.

कंडिशनरऐवजी न्हाण्यापूर्वी तासभर केसांच्या लांबीला आणि टोकांना खोबरेल तेल चोळावे. खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना करणारा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला होता आणि त्यात केसांतल्या प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने कमी झालेली आढळली. अभ्यास खोबरेल तेल विकणाऱ्या मुंबईच्या कंपनीतल्या संशोधकांचा होता, हे ध्यानात घ्यायलाच हवे. तरीही त्यांनी दिलेले कारण पटण्यासारखे आहे, कारण या तेलातल्या लॉरिक आम्लाचा रेणू आकाराने लहान आणि सरळ असल्यामुळे तो केसाच्या आतपर्यंत मुरू शकतो. शाम्पूच्या जागी शिकेकाई आणि थोडा रिठा चालेल, परंतु पूड नुसती कालवून डोक्याला लावू नका. शेंगा रात्रभर भिजवून, सकाळी उकळून, ते पाणी फडक्यातून गाळून घ्या, नाहीतर केसांतला चोथा दिवसभर झटकत बसावे लागेल. डोळे घट्ट मिटायला विसरू नका. तेल भरपूर लावले असेल तर एका धुण्यात ते निघत नाही. अशा दिवशी शाम्पूच वापरावा.

मॉइश्चरायझरसाठी एक भाग ग्लिसरीन आणि तीन-चार भाग गुलाबजल असे मिश्रण करून ते ओलसर चेहऱ्यावर लावावे. त्यात टिकाऊपणासाठी काहीच घातलेले नसते, म्हणून आठवड्यापुरतेच करून शीतकपाटात ठेवावे. गुलाबजलाच्या नावाखाली नुसते सुगंधी पाणीही विकले जाते, तेव्हा बाटलीवरची घटकांची यादी वाचून घ्यावी.

प्रश्न : माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीला मुरमे येतात. सीरमवर पैसे घालवण्यापेक्षा लिंबाचा रस, खाण्याचा सोडा आणि हळद लावावी, असे तिची आजी सांगते. लावू द्यावे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : लिंबू आणि सोडा अजिबात नको. त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि तिचा पीएच, म्हणजे आम्लता मोजण्याचा अंक (जितका कमी तितके आम्ल तीव्र), साधारण ५ च्या आसपास असतो. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते ३ इतका खाली असतो, तर सोड्याच्या पाण्याचा ८ च्या वर जातो. शिवाय लिंबाच्या सालीत आणि रसात असलेल्या काही द्रव्यांवर ऊन पडले की त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात, आणि नागपूरच्या उन्हात तर हा धोका अधिकच. सुटी हळद भेसळीची असू शकते; रंग खुलवण्यासाठी तिच्यात शिशाचे क्रोमेट हे विषारी पिवळे रंगद्रव्य मिसळल्याची प्रकरणे उघडकीस आलेली आहेत. आजीबाईंचा मान राखायचा असेल तर अभ्यंगाला उटणे जरूर लावू द्यावे, मात्र अंगाला, मुरमांच्या चेहऱ्याला नव्हे. चेहऱ्यावर खोबरेल तेलही नको, कारण त्याने रंध्रे बुजतात. येथे पैसे वाचवण्याचा मार्ग निराळा आहे : सीरम बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना एकदा दाखवावे आणि ते लिहून देतील तेवढेच मलम लावावे.

प्रश्न : सनस्क्रीनला घरगुती पर्याय आहे का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : चेहऱ्याला लावण्याजोगा नाही. कोरफड, चंदन, दही यांनी गार वाटते, पण अतिनील किरण अडत नाहीत. कपडा मात्र अडवतो. निंदणीला जाणाऱ्या बायका साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून डोक्याला आणि तोंडाला रुमाल बांधतात. उन्हापासून इतके स्वस्त आणि भरवशाचे संरक्षण दुसरे नाही, आणि शहरात दुचाकीवर जाणाऱ्या मुलींनीही तेच उचललेले दिसते. याने सनस्क्रीन फक्त उघड्या राहणाऱ्या भागापुरते लागते आणि एक ट्यूब बरीच पुरते. एसपीएफ ३० ची साधी, बिनवासाची ट्यूब घ्यावी, चेहरा आणि मान यांना मिळून दोन बोटांच्या लांबीइतके लावावे, आणि ती गाडीच्या डिकीत ठेवू नये, कारण उन्हाने तापून ती मुदतीआधीच निकामी होते.