सड्याच्या बाजूने बोलणाऱ्या मुलीला

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा रात्री उशिराचा मेसेज मी पहाटे वाचला. फोन करावा असं मनात आलं, पण फोनवर तू रडली असतीस, मी समजूत घातली असती आणि विषय तिथेच संपला असता. म्हणून लिहायला बसले.

सड्यावरच्या, म्हणजे आपल्या कोकणातल्या जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावरच्या, चिरेखाणीच्या ठरावाला विरोध करायला ग्रामसभेत तू एकटी उभी राहिलीस. फुलांचे फोटो दाखवलेस: दिपकाडी, गेंद, सीतेची आसवं. मग पलीकडच्या वाडीतल्या काकांनी मागून विचारलं, ‘गो बाय, तुझा घर चिऱ्याचाच मां?’ सगळी सभा हसली आणि तू खाली बसलीस. आता मला विचारतेस, ‘बाई, काय उत्तर द्यायला हवं होतं?’

‘होय, चिऱ्याचंच आहे’ हे उत्तर द्यायला हवं होतं. आणि मग बोलणं तिथूनच पुढे न्यायला हवं होतं.

प्रश्न तुला गप्प बसवायला विचारला होता हे खरं, पण तो खोटा नव्हता. नीट विचार कर. चिरा म्हणजे कापलेला जांभा दगड, आणि जांभा भाजावा लागत नाही. जमिनीतून कापला, उन्हात वाळला की घट्ट होतो आणि गाडीभर अंतरावर भिंतीत बसतो. सिमेंटसाठी मात्र कुठला तरी चुनखडीचा डोंगर फोडतात आणि भट्टीत जाळतात. जगभरच्या कार्बन उत्सर्जनातला सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. म्हणजे हवामानबदलाच्या हिशेबात तुझ्या आजोबांचं चिऱ्याचं घर पुण्यातल्या सिमेंटच्या इमारतीपेक्षा उजवं ठरतं. उद्या चिरेखाणी सरसकट बंद झाल्या तर गावात घरं बांधायची थांबणार नाहीत, सिमेंटच्या ठोकळ्यांची होतील. सडा वाचवणं आणि हवा वाचवणं ही दोन्ही ‘पर्यावरणाचीच’ कामं, आणि ती इथे एकमेकींच्या आड येतात. जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाच्या वेळीही हेच झालं. सहा अणुभट्ट्या, ९,९०० मेगावॅट. कोळसा जाळायला नको म्हणणारी काही जाणती माणसं प्रकल्पाच्या बाजूने होती, आणि मासळीवर जगणारी माणसं विरोधात. दोघांनाही निसर्गाची चाड नव्हती असं मला आजही म्हणवत नाही.

म्हणून ‘सडा वाचवा’ एवढ्याने भागत नाही. कोणता सडा, त्याचा कोणता भाग, कशासाठी आणि कुणाच्या खर्चाने, हे सांगता आलं पाहिजे.

तू फुलांपासून सुरुवात केलीस. मला ती फुलं प्रिय आहेत. दिपकाडीच्या तर शास्त्रीय नावातच कोकण आहे, आणि पहिल्या पावसात कातळावर उगवलेली तिची पांढरी फुलं पाहिली की माझं वय उतरतं. पण त्या सभेत बसलेल्या बायकांना एप्रिलपासून टँकरची वाट पाहायची असते. त्यांच्यापाशी सड्याची गोष्ट पाण्यापासून सुरू व्हायला हवी होती. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. जांभा सच्छिद्र आहे, पाणी त्यातून खाली झिरपतं, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि सड्याच्या पायथ्याला झऱ्यांतून बाहेर येतं. आपल्या वाड्या सड्याच्या पायथ्याला का वसल्या, याचं उत्तर त्यात आहे. सातबाऱ्यावर त्याच जमिनीला ‘पोटखराब’ म्हटलं आहे. कागदावर जी खराब, ती खालच्या विहिरी भरते. सड्याचा कोणता उतार कोणत्या विहिरीला पाणी देतो हे सांगणारा माणूस त्या सभेत नक्की होता. तू त्याला विचारलं नाहीस, आणि इतकी वर्षं इथे राहून मीही विचारलं नाही.

खाणीवाल्यांची बाजूही जाणून घे. ज्याची आंब्याची चार कलमं दोन वर्षं धड मोहरली नाहीत आणि मुलीची फी भरायची आहे, तो सड्याचा तुकडा खाणीला देतो. त्याच्या हातात दुसरं काही नाही. काही जण खाण संपल्यावर खड्ड्यात माती भरून कलमं लावतात, ती धरतातही. आणि काही खड्डे तसेच पडून राहतात, पावसात भरतात, पोरं पोहायला जातात आणि बुडतात. दोन्ही खरं आहे. तुझ्या मागणीत ‘खाण नको’ याऐवजी ‘झऱ्याच्या वरच्या अंगाला नको, आणि खड्डा बुजवल्याशिवाय दुसरी खाण नको’ असं असतं, तर मला वाटतं निम्मी सभा तुझ्या बाजूला आली असती.

आता माझी एक गोष्ट सांगते. ती आजवर कुणाला सांगितलेली नाही.

पश्चिम घाटावरच्या गाडगीळ समितीने २०११ मध्ये अहवाल दिला, तो लोकांसमोर आला २०१२ मध्ये. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचा विचार त्या समितीकडे मुद्दाम सोपवलेला होता. गावोगाव अफवा उठल्या की आता घराची कौलंसुद्धा बदलता येणार नाहीत, गुरं चारायला बंदी होईल. मी एका बैठकीत तावातावाने अहवालाची बाजू मांडली. एक म्हातारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, ‘बाई, आपला तालुका कुठल्या झोनमध्ये घातलाय तेवढा सांगा.’ मला सांगता आलं नाही, कारण मी अहवाल वाचलेलाच नव्हता. वर्तमानपत्रातल्या चार लेखांवर मी उभी होते. समोरचे अफवेवर उभे होते, मी लेखांवर, आणि त्यांच्यात माझ्यात त्या दिवशी काही फरक नव्हता.

नंतर मी तो वाचला. कुठे काय चालेल हे ग्रामसभांशी बोलून ठरवावं, ही त्यातली मोठी गोष्ट मला तेव्हा कळली. तीच त्या दिवशी लोकांना सांगायला हवी होती. पुढे २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीने घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवायला सुचवलं, २०१४ मध्ये अधिसूचनेचा पहिला मसुदा निघाला आणि २०२४ मध्ये सहावा. इतकी वर्षं वाद चालला, आणि दोन्ही बाजूंना मूळ कागद वाचलेली माणसं मला बोटांवर मोजण्याइतकी भेटली. तू वाच. कंटाळवाणं असतं, तरी वाच.

मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी असेल तेव्हा तर हे फारच लागेल. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात द्यावी लागते, आणि पर्यावरण आघात अहवालाचा सारांश मराठीतही उपलब्ध करून द्यावा लागतो. तो सारांश माग, वाच, आणि त्यात आपल्या खाडीतल्या कुठल्या माशांची नावं आहेत ते बघ. मासेविक्रीला बसणाऱ्या बायकांना ती यादी वाचून दाखव. काय राहिलंय ते त्या पाच मिनिटांत सांगतील. लेखी हरकत दे आणि पोच घे. सुनावणीच्या शेवटी इतिवृत्ताचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो. तोवर निम्मा मंडप रिकामा झालेला असतो, तू उठू नकोस. तुझा मुद्दा त्यात आला नसेल तर तिथेच उभी राहा आणि घालायला लाव. भाषणातला जोर नंतर कुणाच्या लक्षात राहत नाही, कागदावर आलेलं मात्र पुढे न्यायालयातही वाचलं जातं.

हवामानबदलाबद्दल बोलताना जीभ जरा आवर. प्रत्येक अवकाळी पावसाला तेच कारण लावू नकोस. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, पुढच्याच मे महिन्यात तौक्तेने आपल्या बागांखाली आंब्यांचा सडा घातला. तेव्हापासून लोक विचारतात, हे हवामानबदलामुळेच का? अरबी समुद्र तापतो आहे आणि तापलेलं पाणी वादळाला बळ देतं, एवढं ठामपणे सांग. एखादं वादळ बोट दाखवून त्याच्या नावावर टाकू नकोस. किनाऱ्याची धूपही तशीच. १९०१ ते २०१८ या काळात जगभरात समुद्राची सरासरी पातळी सुमारे वीस सेंटिमीटर वाढली, हे खरं. पण तुझ्या समोरची पुळण खचली ती शेजारच्या जेटीमुळे, वाळूउपशामुळे की समुद्र चढल्यामुळे, हे बघितल्याशिवाय कळत नाही. माडाची बाग वाहून चाललेला माणूस दगडी बंधारा मागतो. त्या बंधाऱ्यामुळे कासवाची मादी वर येऊ शकत नाही. तिच्या अंड्यांतून नर निघेल की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं, वाळू तापली की माद्या वाढतात, फार तापली तर अंडी मरतात. म्हणजे तिला दोन्हीकडून मार आहे. हे त्या माणसाला सांग, पण आधी त्याचे गेलेले माड मोज.

माकडांच्या बाबतीत मी हेच केलं नव्हतं. बागायतदारांना म्हणायचे, जंगल तोडलंत म्हणून ती येतात. एकाने ऐकवलं, ‘तुमी कासवांची अंडी मोजतास, आमचे नारळ माकडां मोजतत.’ मग मी एक दिवस सकाळपासून त्याच्या बागेत बसले. दुपारपर्यंत माझी सगळी वाक्यं संपली होती. त्यानंतर वन्यप्राण्यांच्या बाजूने बोलायचं मी सोडलं नाही, पण राखणीचे दिवस आणि त्यांची मजुरी हिशेबात धरल्याशिवाय बोलत नाही. उलट उदाहरण किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकऱ्यांचं. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांवर २०१६ मध्ये राज्याने निर्बंध आणले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर २०१७ मध्ये केंद्राने बंदी घातली. अंमलबजावणीची रड अजून आहे, पण समुद्र रिकामा होतोय हे आधी ओरडून सांगितलं ते रापणकऱ्यांनी आणि छोट्या होडीवाल्यांनी, आपल्या रोजच्या टोपलीतून. आपल्यासारखी माणसं त्यांच्या मागून गेली.

गणपतीला येशील तेव्हा सडा फुललेला असेल. कुडोपीच्या सड्यावरची कातळशिल्पं दाखवायला नेईन असं म्हटलं होतं, ते यंदा राहू दे. आपल्याच सड्यावर जाऊ, आणि येण्याआधी त्या काकांच्या घरी जा. ते पोरवयात सड्यावर गुरं राखायचे, हे मला त्यांच्या बायकोने सांगितलं. भर उन्हाळ्यात गुरांना पाणी कुठे पाजायचे, तेवढं त्यांना विचार. जमलं तर त्यांनाच वर घेऊन ये. गुडघा दुखतो म्हणतील, पण हळूहळू चढतील. मी डबा आणि काठी दोन्ही घेऊन येते.

तुझी,
बाई