घरघर ऐकू नका, श्वास मोजा

प्रश्न: आठ महिन्यांच्या बाळाला तीन दिवस सर्दी-खोकला आहे, छाती घरघरते. न्यूमोनिया कसा ओळखावा? वाफ द्यावी का?

घरघरीवरून न्यूमोनिया ठरत नाही, हे वाडीवाडीत सांगून माझी जीभ झिजली. तान्ह्याची घरघर बऱ्याचदा नाकातल्या शेंबडाची असते. पाठीवर हात ठेवला की छातीच वाजतेय असं वाटतं. उलट न्यूमोनियाचं मूल कधीकधी अजिबात वाजत नाही, नुसतं भराभर श्वास घेतं. आणि घरचे म्हणतात, "वाजायचं थांबलं, कफ सुटला."

झबलं वर करा, पार गळ्यापर्यंत. पावसाळ्यात आपल्याकडे मूल स्वेटर, कानटोपी, गोधडी अशा गाठोड्यात असतं, आणि मग म्हणे काही दिसलं नाही! बाळ शांत हवं. रडताना, अंगावर पिताना मोजलेला आकडा फुकट. पोट वर येऊन खाली गेलं की एक श्वास. मोबाइलवर पूर्ण 60 सेकंद लावा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. लहान मुलाचा श्वास मध्येच थबकतो, मध्येच धावतो. पंधरा सेकंदांत दोन श्वास चुकले की गुणाकारात आठ होतात. 2 महिन्यांच्या आतल्या बाळाला 60, वर्षाच्या आत 50, 1 ते 5 वर्षांपर्यंत 40. तेवढे किंवा त्याहून जास्त भरले तर श्वास जलद. तुमची रेघ 50 ची, आणि ती गाठली किंवा ओलांडली तर त्याच दिवशी डॉक्टर.

मोजून झालं म्हणून झबलं लगेच खाली ओढू नका. श्वास आत घेताना छातीची खालची कडा बघा. एरवी छाती-पोट दोन्ही बाहेर येतात. इथे पोट बाहेर येतं आणि छातीचा खालचा भाग आत ओढला जातो. 'पोट उडतंय' म्हणतात ते हेच. हे दिसलं तर आकडा कितीही येवो, दवाखाना गाठा. त्यावर पोटाला चटका द्यायला सांगणारा कुणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. रोग फुप्फुसात आणि भाजायचं पोट!

दूध ओढत नाही, सगळं उलटून टाकतं, झटका आला, हलवूनही नीट जागं होत नाही, ओठ-जीभ निळी पडली, शांत असतानाही श्वास आत घेताना कर्कश आवाज येतो: यातलं एक जरी असलं तरी 108 ला फोन. वाडीतली पाखाडी उतरून डांबरी रस्त्याला लागेपर्यंतचा वेळही हिशेबात धरा.

तापातही श्वास वाढतो, तेव्हा ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. पण छाती आत जात असेल तर ताप उतरायची वाट बघू नका. दोन महिन्यांच्या आतलं किंवा फार कुपोषित मूल असेल तर घरी मोजत बसण्यात अर्थ नाही, थेट दवाखाना गाठा; अशा मुलांत लक्षणं धड दिसतही नाहीत. लसीचं कार्डही काढून बघा. न्यूमोकोकलची लस सरकारी केंद्रात फुकट मिळते, दीड आणि साडेतीन महिन्यांचे डोस झालेले असायला हवेत, तिसरा नवव्या महिन्यात.

वाफ नको. न्यूमोनियावर तिचा उपयोग नाही, आणि पातेलं कलंडून पोर भाजतं ते वेगळंच. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब मेडिकलमध्ये मिळतात, ते अंगावर पाजण्याआधी घाला.