झडपेला पाकळ्या दोन की तीन?

मावशी,
ऑफिसच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी स्टेथोस्कोप छातीवर जरा जास्तच वेळ ठेवला आणि म्हणाले, "मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू येतोय, एको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या." एको करताना टेक्निशियन एकाच जागी प्रोब दाबून गप्प झाली, माझ्या पोटात गोळाच आला. एकोच्या रिपोर्टात आलं, 'महाधमनीची झडप बायकस्पिड असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' म्हणजे हृदयातून सगळ्या अंगात रक्त जाताना लागणाऱ्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या. दुसरीकडे एको केला, तिथे 'बहुधा तीन पाकळ्या. चित्र पुरेसं स्पष्ट नाही.' कार्डिओलॉजिस्ट म्हणतात, आत्ता काही करायचं नाही, वर्षाने पुन्हा बघू. नवरा म्हणतो, "काही नाही म्हणालेत ना, मग झालं तर!" मी ३७ वर्षांची आहे. बॅडमिंटन सोडलंय. रात्री मानेवर बोटं ठेवून ठोके मोजत पडते. मी आजारी आहे की नाही, एवढं तरी कुणी सांगेल का? दोन्ही रिपोर्ट सोबत जोडले आहेत.
– अधांतरी

अगं अधांतरी,

आधी ती मानेवरची बोटं काढ बघू. नाडीवरून हृदय मिनिटाला किती वेळा ठोकतंय ते कळतं. झडपेला पाकळ्या किती, हे त्या बिचारीला ठाऊकच नसतं. वर रात्री दोन वाजता धास्तावून मोजायला बसलं की ठोके वाढतात, आणि वाढले म्हणून पुन्हा मोजावे लागतात. हा धंदा पहाटेपर्यंत चालतो. मला माहीत आहे, मी केलाय.

मी डॉक्टर नाही, तेव्हा निदान करणार नाही. पण छापलेलं वाचता येतं. तुझ्या रिपोर्टांत दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तू त्यांची एकच मोळी बांधून डोक्यावर घेतली आहेस. झडपेची घडण कशी आहे, हा एक. ती काम कसं करते, हा दुसरा. धूसर आहे तो पहिला. दुसऱ्याबद्दल दोन्ही रिपोर्ट एकच सांगतात : झडप अरुंद झालेली नाही, गळती नाममात्र, महाधमनी फुगलेली नाही. तुझ्या डॉक्टरांचं 'वर्षाने बघू' आलंय ते यातून. काळजीचं काही दिसलं असतं तर त्यांनी तुला वर्षभर मोकळं सोडलं नसतं.

आता चित्र धूसर का, ते ऐक. कारण त्यात कुणी तुझ्यापासून काही लपवत नाहीये. एकोच्या ध्वनिलहरी हवेतून पुढे जात नाहीत आणि हाडाशी अडतात. हृदयापुढे फासळ्या, आजूबाजूला हवेने भरलेली फुप्फुसं. म्हणून तुला डाव्या कुशीवर वळायला सांगितलं, श्वास सोडून धरायला सांगितलं. टेक्निशियन एकाच जागी प्रोब दाबून गप्प झाली आणि तुझ्या पोटात गोळा आला, असं तू लिहिलंयस. ती बहुधा दोन फासळ्यांमधली फट शोधत होती.

त्यात ही झडप मोठी फसवी. बायकस्पिड झडपेत अनेकदा दोन पाकळ्या जन्मतःच एकमेकींना जुळलेल्या असतात आणि जोडावर एक शिवण राहते. झडप मिटलेली असताना ही शिवण तिसऱ्या कडेसारखी दिसते आणि पाकळ्या तीन भासतात. खरं काय ते झडप उघडते तेव्हा कळतं : तीन पाकळ्यांचं तोंड त्रिकोणी उघडतं, दोनचं माशाच्या तोंडासारखं. तो क्षण नेमका स्पष्ट टिपला गेला नाही, तर प्रामाणिक डॉक्टर काय लिहील? 'शक्यता नाकारता येत नाही.' वाक्य वकिली आहे, कबूल; पण खोटं नाही.

आणि समजा, निघाल्या दोनच. शंभरात एखाद-दुसरा माणूस अशी झडप घेऊन जन्मतो. कित्येकांना ते उतारवयात योगायोगाने कळतं. काहींची झडप पुढे अरुंद होते किंवा गळू लागते, काहींची महाधमनी रुंदावते, काहींना शस्त्रक्रिया लागते. हे मी तुझ्यापासून झाकून ठेवणार नाही. पण यातलं बहुतेक सारं हळूहळू, वर्षानुवर्षांत होतं, आणि एकोवर नजर ठेवता येते. तुझी जी झडप आहे ती ३७ वर्षं तुझ्यासोबतच आहे. बॅडमिंटनही तिच्यासकटच खेळलीस.

माझी गोष्ट थोडक्यात सांगते. १९८४ साली, मी बाविशीत असताना, माझी मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) मागे फुगते असं निदान झालं. पळायचं नाही, डोंगर चढायचे नाहीत. मीही मुकाट्याने बसले. त्या दशकाच्या अखेरीस संशोधकांच्या लक्षात आलं की मायट्रल झडपेचं कडं सपाट नसून घोड्याच्या खोगिरासारखं वाकलेलं असतं. त्यामुळे एका विशिष्ट कोनातून धडधाकट झडपही फुगल्यासारखी दिसते. निकष बदलले आणि माझ्यासारखे बरेच जण एका फटक्यात निरोगी झाले. मला ते कळलं आणखी सहा वर्षांनी, भलत्याच कारणासाठी एको केला तेव्हा. तुझंही तसंच निघेल असं मी म्हणत नाही. मला आजही चुटपुट लागते ती निदानाची नाही. 'म्हणजे मी नक्की काय करू शकते?' हे मी डॉक्टरांना एकदाही विचारलं नाही, त्याची लागते.

तू विचार. वर्षभर थांबू नकोस, त्यासाठी वेगळी वेळ घे. दोन्ही ठिकाणांहून एकोचं रेकॉर्डिंग माग. नुसता कागद नको, हलती चित्रं हवीत. दोन रिपोर्टांचं भांडण तू सोडवू शकत नाहीस, पण एकच अनुभवी माणूस दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहू शकतो. एमआरआय केला तर घडण कळेल का, की अन्ननलिकेतून करतात तो एको लागेल, तेही विचार. (अन्ननलिका हृदयाच्या अगदी पाठीशी असते, मध्ये फासळ्या येत नाहीत.) आणि सगळ्यात महत्त्वाचं : "दोन निघाल्या तर आज तुम्ही काय वेगळं कराल?" 'काहीच नाही' असं उत्तर आलं, तर घाई का नाही ते तुला समजेल. 'महाधमनीवर लक्ष ठेवू, भावंडांचाही एको करायला सांगू' असं आलं, तर एमआरआय लवकर करून घेण्यात अर्थ आहे. या झडपेचा धागा घराण्यात असू शकतो.

दम पूर्वीपेक्षा लवकर लागू लागला, श्रमाने छातीत दाटून आलं किंवा चक्कर येऊन पडलीस, तर मात्र तारखेची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दाखवायचं. ताप बरेच दिवस रेंगाळला तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी डॉक्टरांना झडपेबद्दल सांगायचं. झडपेला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून दात-हिरड्या नीट ठेव. बास, एवढाच पहारा.

आता नवरोबा. आजाराला नाव असलं की माणसं विचारपूस करतात; नाव नसलं की सल्ले देतात. तुझं दुखणं सध्या बिननावाचं आहे, म्हणून त्याने 'झालं तर' म्हणत विषय मिटवला. मला वाटतं, तोही घाबरलाय. त्याला सांग, "मला समजावू नकोस. पुढच्या वेळी सोबत चल आणि डॉक्टर काय म्हणतात ते लिहून घे." हातात वही-पेन असलेला माणूस 'उगाच काय' म्हणत नाही.

'मी आजारी आहे की नाही' याचं उत्तर आज कुणाकडे नाही, माझ्याकडेही नाही. पण बॅडमिंटनचं आहे, आणि ते तुझ्या डॉक्टरांकडे आहे. पत्रात नीट शोधलं मी : खेळ बंद कर असं तुला एकाही डॉक्टरने सांगितलेलं नाही. वहीत तो प्रश्न सगळ्यात वर लिही. काय म्हणाले ते मला कळव.

– मावशी