निसर्गावर लिहून काय होणार?

प्रश्न: मला झाडं-पक्षी यावर लिहायला आवडतं, पण मित्र म्हणतात प्रदूषण, हवामान बदल एवढं सगळं चाललंय आणि तू फुलांचं कौतुक करत बसतोस. खरंच काही उपयोग होतो का अशा लिखाणाचा?

उत्तर: होतो की! पण कौतुकाचा कमी आणि नोंदींचा जास्त, असं माझं स्पष्ट मत. अमेरिकेत हेन्री डेव्हिड थोरो नावाचा लेखक 1850 च्या दशकात काँकॉर्ड गावाभोवती रोज पायी हिंडायचा आणि कुठल्या झाडाला पहिलं फूल कधी आलं ते तारखेसकट लिहून ठेवायचा, तेव्हा कुणाला त्याचं काही पडलेलं नसणार, पण दीडशे वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्याच नोंदी आजच्या फुलण्याशी ताडून बघितल्या तर बरीचशी झाडं सरासरी आठवडाभर आधी फुलताना दिसली. म्हणजे तापमानवाढीचा पुरावा चक्क डायरीत सापडला!

अमेरिकन लेखिका आणि जीवशास्त्रज्ञ रेचेल कार्सनचं नाव तर ऐकलंच असेल. 1962 मध्ये तिने कीटकनाशकांच्या दुष्परिणामांवर पुस्तक लिहिलं, कंपन्या तुटून पडल्या, तरी 1972 मध्ये अमेरिकेत डीडीटी या कीटकनाशकाच्या बहुतेक वापरावर बंदी आलीच. अर्थात एकट्या पुस्तकाने नाही, कोर्टकचेऱ्या, आंदोलनं सगळं लागलं.

त्यामुळे 'रम्य सकाळ' वगैरे जरा कमी करा (रागावू नका), आणि कुठला पक्षी कधी दिसला, ओढ्याच्या पाण्याला वास कधीपासून येतोय, हे तारीख टाकून लिहा. मित्रांनाही वाचायला द्या.