दुकान विकून घरी यावं का?

"बायको आजारी, मी इतक्या लांब आणि त्यात असला जोखमीचा धंदा. सगळं सोडून घरी यावं का?" सांगलीत समुपदेशन करताना हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. विचारणारा कधी फौजेतला असतो, कधी लांब पल्ल्याचा ट्रक चालवणारा. विटा, खानापूर, आटपाडी भागातला असेल तर बहुतेक वेळा गलाईवाला निघतो.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. जुने दागिने आणि सोनारांकडचा कचरा गाळून त्यातलं सोनं-चांदी शुद्ध करणं म्हणजे गलाई. आमच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं या कामासाठी केरळापासून दिल्ली-कोलकात्यापर्यंत पसरली. टेंभू सिंचन योजनेचं पाणी आलं, डाळिंब आलं, तरी दुकानं तिकडंच राहिली. काम भट्टीचं आणि नायट्रिक अॅसिडचं. त्याचा तांबूस धूर छातीत जातो. अंगावर दुसऱ्याचं सोनं, त्यामुळे लुटीची भीती कायमची. विकायला आलेला दागिना चोरीचा निघाला तर पोलीस दारात येतात. पेन्शन नाही की भरपगारी रजा नाही. तरीही त्याच धंद्यावर गावाकडं घरं उभी राहिली आणि पोरं शिकली.

असेच एक गृहस्थ आले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आपण त्यांना दादा म्हणू. वय चाळिशीतलं, त्रिशूरला दुकान, हाताखाली सख्खा पुतण्या. वहिनी विट्याजवळच्या गावात, सासूबाई आणि दोन मुलांसोबत. वहिनींना स्तनाचा कॅन्सर निघाला. मिरजेत ऑपरेशन झालं होतं आणि पुढं आठ केमो ठरल्या होत्या. दादांनी दुकानाला गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं, पाहुण्यातलंच. आठवड्यात सही करायची होती.

"पैसे पण होतील आणि मी पण घरी राहीन," ते म्हणाले. "पण सहीचा विचार आला की हात कापतात."

"वहिनींचं काय म्हणणं आहे?"

"तिला काय विचारायचं मॅडम? ती नकोच म्हणणार."

बोलता बोलता खरं दुखणं बाहेर आलं. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात मेहुणा चारचौघांत म्हणाला होता, "माझी बहीण इथं मरायला टाकली आणि तुम्ही तिकडं सोनं गाळत बसा." दादा तेव्हापासून नीट झोपले नव्हते. दुकान विकायचा विचार त्या रात्रीचा होता. उपचाराचा खर्च आणि केमोचं वेळापत्रक त्यांनी मागाहून त्याला जोडलं होतं.

अपराधी वाटणाऱ्या माणसाला काहीतरी मोठं सोडून द्यावंसं वाटतं. लोकांना दिसेल असं. आजारी माणसाच्या गरजा बहुतेक वेळा बारीक असतात आणि त्यांना तारखा असतात. हे मी दादांना तेव्हा सांगितलं नाही, कारण त्या मनःस्थितीत ते त्यांना टोचलं असतं. सही पंधरा दिवस पुढं ढकला, एवढंच सुचवलं. शिवाय डॉक्टरांना "किती सिरियस आहे?" असं न विचारता "पुढच्या सहा महिन्यांत कुठल्या आठवड्यात काय होणार?" असं विचारून या म्हटलं. आणि येताना वहिनींना घेऊन या.

ते आले ते डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद आणि घरातलं भिंतीवरचं कालनिर्णय घेऊनच. टेबलावर पानं पसरली. केमो दर 21 दिवसांनी. पहिले दोन-चार दिवस मळमळ आणि थकवा. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी कमी होतात. तेव्हा गर्दी टाळायची, आणि ताप 100.4 च्या वर गेला तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. तिसऱ्या आठवड्यात माणूस बराच सावरतो. पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत केस जायला लागतात. सगळ्या केमो संपल्या की रेडिएशन: आठवड्याचे पाच दिवस, रोज, काही आठवडे.

दादांनी प्रत्येक केमोच्या तारखेला लाल पेनानं गोल केला होता. प्रत्येक वेळी दुकान बंद करून यायचं, असा त्यांचा बेत.

वहिनी बराच वेळ त्या लाल गोलांकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "केमोच्या दिवशी वन्सं येतील. त्यांना सगळं जमतं, दवाखान्यातल्या सिस्टरपण आता ओळखीच्या झाल्यात. तुम्ही केस जातील तेव्हा या. आत्यांच्या पुढं मला रडता येत नाही."

दादा गप्प झाले. सासूबाईंना वहिनी आत्या म्हणतात, नातं तसंच आहे. आत्यांचा स्वभाव करारी, डोळ्यांत पाणी काढलेलं त्यांना चालत नाही.

दुकानाचा विषय वहिनींनीच काढला. "दुकान विकलंत तर मी बरी झाल्यावर रोज माझ्याकडं बघून तुम्हाला दुकान आठवणार. मला ते ओझं नको." थोडं थांबून पुढं म्हणाल्या, "पण तुम्हाला पोलिसांनी उचललं, कुणी लुटलं, तर मला इथं कळणार कुणाकडनं? वहीत कुणाचं किती सोनं आहे ते तुम्ही सोडून कुणाला माहिती आहे?"

तिथून आमचं बोलणं रुळावर आलं. धंदा सोडायचा की घर सोडायचं, असं दोन टोकांत अडकलेल्या माणसाला मी एक साधा प्रश्न विचारते: या धंद्यातला सगळ्यांत धोक्याचा तुकडा कुठला? दादांनी दोन मिनिटांत उत्तर दिलं. अनोळखी माणसाकडून जुनं सोनं विकत घेणं. पोलीस, अडकलेलं भांडवल, दुकानात साठलेला माल, सगळी जोखीम तिथंच. ओळखीच्या सोनारांचं सोनं फक्त मजुरीवर गाळून द्यायचं ठरलं तर दुकान पुतण्याही चालवू शकत होता. मिळकत घटणार होती, बरीच. पण दुकान राहणार होतं. हा तोडगा त्यांचा स्वतःचा होता. मला गलाईतलं एवढं कुठून कळणार!

पैशाचा हिशोबही नव्यानं मांडावा लागला. सगळा उपचार पदरचाच करायचा आहे, असं धरून दुकानाची किंमत ठरली होती. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात आणि आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या दवाखान्यात त्याची माहिती देणारा आरोग्यमित्र बसतो. दादा त्याच्या टेबलासमोरून कितीतरी वेळा गेले होते. शेत, दुकान, दागिने विकायला काढण्याआधी त्या टेबलापाशी अर्धा तास बसा, हे मी प्रत्येकालाच सांगते. योजनेत सगळं बसतंच असं नाही. पण काय बसत नाही तेवढं कळलं तरी विकायचा आकडा बदलतो.

मग नवं वेळापत्रक झालं. केमोनंतरचा दुसरा आठवडा सरला की दादांनी यायचं, तिसरा आठवडा राहायचं, पुढची केमो झाली की दोन-तीन दिवसांनी परत निघायचं. गाडीतल्या गर्दीतून येऊन नेमकं पेशी कमी असताना शेजारी बसण्यापेक्षा हे बरं, असं डॉक्टरही म्हणाले. मधल्या आठवड्यासाठी घरात थर्मामीटर आला. रात्री गाडी काढणार कोण, याचं नाव भिंतीवर लिहायचं ठरलं. जवळ राहणारा आणि गाडी असलेला माणूस एकच, तो मेहुणा. दादांचा चेहरा उतरला. फोन वहिनींनी केला.

पहिल्या केमोनंतर दादा ठरल्याप्रमाणे आले. उशीवर केसांचे पुंजके दिसायला लागले तेव्हा वहिनींनी त्यांनाच मशीन फिरवायला सांगितलं, परसात, आत्या देवळात गेल्यावर. त्याविषयी दोघांपैकी कुणीच मला जास्त सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही.

तिसऱ्या केमोनंतर दहाव्या दिवशी रात्री वहिनींना 101 ताप आला. मेहुण्यानं गाडी काढली, तासगावमार्गे मिरज गाठली, लगेच शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. चार दिवसांत त्या घरी आल्या. पण दादांचा मला त्रिशूरहून फोन, आवाज फुटलेला: "मी नव्हतो मॅडम. विकतोच आता." सही करायला निघालेला माणूस पुन्हा तिथंच येऊन उभा होता. असं होतं. ठरवलेलं एका रात्रीत ढासळतं. ती भीती खरी होती आणि मी ती खोडून काढली नाही. फक्त विचारलं, तुम्ही गावात असता तर त्या रात्री वेगळं काय केलं असतं? ते म्हणाले, "गाडी मेव्हण्याचीच मागितली असती." आणि रडत असतानाच हसले. रात्री-अपरात्री असं घालमेल करणारं काही आलं आणि मी फोनवर नसले तर 14416 लावा, हेही सांगितलं. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

दरम्यान एक चांगली गोष्ट घडली. वहिनींनी वही मागितली. कुणाचं किती सोनं, कुणाकडून किती येणं, हे फोनवर पुतण्याकडून दर रविवारी लिहून घ्यायला लागल्या. आत्यांना हे रुचलं नाही. आजारी बाईनं हिशोबात डोकं कशाला घालावं? मला विचाराल तर त्या महिन्यांत वहिनींना त्या वहीचा आधार होता. तेवढा वेळ त्या पेशंट नव्हत्या.

दुकान दादांनी खरोखर बंद केलं ते रेडिएशनच्या वेळी. त्या काही आठवड्यांत रोज मिरजेला जायचं, आणि विट्याकडून रोज ये-जा करणं थकलेल्या बाईला झेपणारं नव्हतं. दोघांनी दवाखान्याजवळ खोली घेतली. सकाळी रेडिएशन, दुपारी झोप, संध्याकाळी जवळच्या जवळ एक फेरी. पहिल्या महिन्यातच दुकान विकलं असतं तर हातात पैसे आले असते. पण सुरुवातीचे बरेच दिवस दादा रिकाम्या हातांनी अंगणात बसून गेले असते, आणि आत्यांशी त्यांचं किती पटतं ते गावाला माहीत आहे.

आता वहिनींची तपासणी ठरावीक महिन्यांनी असते, गोळ्या चालू आहेत. दादा त्रिशूरला आहेत, जुनं सोनं घेणं अजून पुन्हा सुरू केलेलं नाही. खोकल्यासाठी छातीचा एक्सरे काढून घ्या म्हणून वहिनी त्यांच्या मागं लागल्या आहेत. ते टाळतायत. मेहुण्याशी बोलणं गाडीच्या डिझेलपुरतंच आहे, आणि पुढच्या भेटीत तो विषय घ्यायचा असं दादांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे.