गायरानातील चराई : मेंढ्यांना बंदी घालावी का?

प्रश्न (शाहूवाडी तालुक्यातील शेतकरी) : आमच्या गावचे गायरान सुमारे 40 एकर आहे. चांगले गवत कमी होऊन कुसळी (टोकदार कुसांचे गवत) व रानमोडी (तणाचे झुडूप) वाढली आहे. दर उन्हाळ्यात माळ पेटवूनही सुधारणा दिसत नाही. बाहेरून येणाऱ्या मेंढ्यांना बंदी घालावी का?

उत्तर : महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 नुसार गायरानातील चराईचा हक्क त्या गावच्या जनावरांपुरताच असल्याने बंदी घालता येईल, मात्र तेवढ्याने गवत परत येणार नाही. मेंढ्यांचे कळप आपल्या भागात बहुधा भातकापणीनंतर येतात, आणि माळाचे मोठे नुकसान त्याआधीच, जून ते सप्टेंबरमध्ये, गावच्या गुरांकडून झालेले असते. त्या काळात शिवार भाताखाली असल्यामुळे गुरांना दुसरी जागा उरत नाही. पुढे ऊसतोड सुरू झाली की गोठ्यात वाडे (उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला) येते आणि माळावरचा ताण उतरतो. पवन्या, मारवेल ही बहुवर्षायू गवते नेमकी पावसाळ्यात वाढून बी धरतात, म्हणून त्याच वेळी ती वारंवार खाल्ली गेली आणि ओल्या मातीवर खुरांचा मारा बसला, तर ठोंब मरतात व उघड्या जागेत कुसळी, रानमोडी शिरते.

माळ पेटवणे यंदापासून बंद करावे. कोवळा फुटवा लवकर येतो हे खरे. पण कुसळीचे बी आपल्या कुसाच्या पिळाने मातीत शिरून आगीतून वाचते, म्हणजे आपणच तिला मदत करतो. कुसळी फुलोऱ्यापूर्वी चारून किंवा कापून घ्यावी, आणि रानमोडी जमीन ओली असताना फुलण्याआधी मुळासकट उपटावी.

गायरानाचे चार भाग करून दर पावसाळ्यात एक भाग बी गळेपर्यंत पूर्ण बंद ठेवावा, पुढच्या वर्षी दुसरा. किती जनावरे सोडावीत, हे अंदाजाने ठरवू नये. एक चौरस मीटरमधील गवत चार-पाच ठिकाणी कापून, वाळवून तोलावे. सरासरी 200 ग्रॅम भरल्यास हेक्टरी दोन टन होतात, म्हणजे 40 एकरांत सुमारे 32 टन. त्यातील निम्मेच चाऱ्यासाठी धरावे. लहान गायीला दिवसाला आठ किलो कोरडा चारा लागतो असे धरले, तर चार महिन्यांना सोळा-सतरा गायींपुरतेच गवत आहे. हा आकडा ऐकून ग्रामसभेत कुरबुर होईल, पण तो सर्वांसमोर मांडल्याशिवाय चराईचे नियम कोणी पाळणार नाही.

या सभेला शेळ्या पाळणारी भूमिहीन कुटुंबे आणि धनगरवाड्यावरील म्हैसपालक अवश्य बोलवावेत, कारण बंद भागाची झळ आधी त्यांनाच बसते. बी गळल्यानंतर बंद भागातील गवत विळ्याने कापून नेण्याचा पहिला हक्क त्यांना द्यावा. मेंढ्या शेतात बसवून खत घेणारे बागायतदार गावातच असल्याने, कळपांना मोकळ्या रानाची वाट व मुक्कामाचे दिवस आधी ठरवून द्यावेत, आणि बंद भाग चुना मारलेल्या दगडांनी दाखवावा.